ताईचा गोटा

आमच्या घरात गोटा म्हणजे एकच, ताईचा. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात लाखो लघुग्रह सूर्याभोवती घिरट्या घालत असतात, त्यातला हा एक. नाव नाही, नुसता नंबर. माझी थोरली बहीण वेधशाळेत काम करते आणि तिच्या वाट्याला हा दगड आला. कुणाच्या वाट्याला काय येईल सांगता येत नाही. माझ्या वाट्याला आई आली.

ताईच्या तोंडून ऐकून ऐकून मला त्या गोट्याची सगळी माहिती पाठ झाली होती. सूर्यापासून पृथ्वीच्या पावणेतीन पट लांब. एक फेरी पुरी करायला साडेचार वर्षांहून थोडं जास्त. कक्षा जराशी लंबगोल, आणि पृथ्वीच्या कक्षेशी किंचित कललेली, भिंतीवरची फ्रेम वाकडी लागावी तशी. रंग कोळशाचा. अंगावर पडलेल्या उजेडातला जेमतेम विसावा हिस्सा परत देतो, बाकीचा गिळून गप्प बसतो.

"अगदी तुझ्यासारखा," मी एकदा ताईला म्हणाले होते. "मी बोलते त्यातलं विसाव्या हिश्श्याइतकंही परत येत नाही."

तेव्हा आम्ही दोघी हसलो होतो. ते दिवस वेगळे होते, निदान सकाळच्या वेळी तरी.

वेधशाळा गावाबाहेरच्या टेकडीवर आहे. तिथली मोठी दुर्बीण रात्रभर मोठ्या माणसांच्या मोठ्या कामांत गुंतलेली असते, दीर्घिका काय, फुटलेले तारे काय. ताईच्या काळ्या दगडासाठी तिच्या साहेबांनी एकच तास दिला होता, पहाट व्हायच्या आधीचा. रोज तोच. त्या तासात तो क्षितिजाच्या वर यायचा, ताई त्याचा उजेड मोजायची, आणि उजाडलं की कर्मचाऱ्यांच्या गाडीतून खाली यायची. गाडी आमच्या कोपऱ्यावर थांबायची. मग ती वर यायची, आईबरोबर चहा घ्यायची, आणि स्वतःच्या घरी जाऊन झोपायची. संध्याकाळी उठली की पुन्हा गाडी, वर जाणारी ती एकच. तिची दिनचर्या घड्याळासारखी होती, आणि तिला तिचा अभिमानही होता.

मी कवळ्या बनवते. दवाखान्यांतून लोकांच्या तोंडाचे ठसे येतात, मी त्यावर मेण चढवते, दात बसवते, घासूनपुसून गुळगुळीत करते. पूर्वी हे काम एका प्रयोगशाळेत जाऊन करायचे. आईला एकटं सोडणं बंद झालं तेव्हा खिडकीजवळचं टेबल रिकामं केलं आणि काम घरी आणलं. आईची कवळीही मीच केलेली. माझ्या हातून झालेल्या चांगल्या कामांपैकी एक होती ती. तिचं हसू तिला जसंच्या तसं परत मिळालं होतं.

आईच्या हसण्याला मान होता. ती आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. डोक्याला यंत्र अडकवायचं, प्लग खुपसायचे आणि दिवसभर अनोळखी लोकांशी गोड बोलायचं. "पलीकडच्याला आपला थकवा ऐकू जाता कामा नये," असं ती आम्हाला सांगायची. "हसून बोललं की तारेतून हसू जातं." पाय सुजून घरी यायची, चपला भिरकावायची, आणि मग आमच्यावर मनसोक्त ओरडायची. आम्हाला वाटायचं, हिचं सगळं गोड परक्यांसाठी आणि कडू घरच्यांसाठी. वाटायचं काय, तसंच होतं.

तर सकाळ. ताईची पावलं जिन्यात वाजायच्या आधीच आई उठून बसलेली असायची. केस विंचरलेले, कवळी तोंडात, शाल नीट. ताई आली की, "ये गं. थंडी होती का वर? तुझा गोटा काय म्हणतो?" ताई सांगायची, आई मान डोलवायची, मधेच एखादा प्रश्नही विचारायची. "मग तो स्वतःभोवती फिरतो की नाही?" ताई खूश. सहसा तेच दोन-चार प्रश्न फिरून फिरून यायचे, पण ताईला ते कळायचं नाही, कारण तिला गोट्याबद्दल कुणी एकदा विचारलं तरी आनंद, रोज विचारलं तर स्वर्गच.

ताई जिना उतरून गेली की आई आधी कवळी काढायची. कुठेही ठेवायची. साखरेच्या डब्यात, माझ्या बुटात, एकदा तर गॅसच्या शेगडीवर. मग भिंतीकडे तोंड करून पडायची. दुपार अशीच जायची. आणि उन्हं उतरली की सुरू.

काय काय सांगू? आरशातल्या बाईला घराबाहेर काढायची. गॅस उघडा सोडायची, म्हणून मी त्याची मुख्य कळच बंद करून ठेवायला लागले. मला कामवाली म्हणायची, चोर म्हणायची, माझ्या मनगटाला चावायची, बिनदातांची असूनही हिरड्यांनी अशी धरायची की वळ उठायचा. कधी हातात चमचा धरून तासन्‌तास लाइन जोडायची. "हॅलो, एक्स्चेंज. थांबा, जोडते." कुणाची लाइन, कुठे जोडायची, देव जाणे. एकदा माझा डोळा लागला आणि ती दार उघडून गेली. बसथांब्यावर सापडली, अनवाणी. मला पाहून तिथल्या माणसांना म्हणाली, हीच ती, हिनेच मला कोंडून ठेवलं होतं.

एका संध्याकाळी मी मनातल्या मनात तिचं मरण मागितलं. लगेच माझंही मागितलं, म्हणजे पक्षपात नको. दोन्ही मागण्या नामंजूर झाल्या आणि मी भांडी घासायला उठले.

डॉक्टर म्हणाले, हा आजार असाच असतो, दिवस कलला की वाढतो, आता हिला चोवीस तास बघणारी माणसं हवीत, एकटीच्या आवाक्यातलं हे काम राहिलेलं नाही. गावात एक चांगलं शुश्रूषागृह आहे. तिथे खोली मिळणं महाकठीण, कारण खोली रिकामी होते ती एकाच कारणाने. आईचा नंबर लागला. पण तिथला नियम असा की मुलं जितकी असतील तितक्यांची संमती हवी. नंतर भांडणं नकोत म्हणून.

ताईने संमती दिली नाही.

"हाकलून देणार आईला?" ती म्हणाली. आई आतल्या खोलीत पडली होती, आम्ही स्वयंपाकघरात कुजबुजत भांडत होतो. "मी रोज बघते तिला. रोज, एक दिवस चुकवत नाही. मला कधीच वावगं काही दिसलं नाही. विसरते थोडं, या वयात कोण विसरत नाही?"

"तू सकाळी बघतेस."

"सकाळची आई आणि संध्याकाळची आई काय वेगवेगळ्या असतात?"

"हो," मी म्हणाले. "एकदा ये ना संध्याकाळी."

"संध्याकाळी माझी गाडी असते, तुला माहीत आहे." मग आवाज मऊ करून, जो मला ओरडण्यापेक्षा जास्त लागतो, ती म्हणाली, "तू दमली आहेस, छोटे. दमलेल्या माणसाला सगळंच काळं दिसतं. तूच थोडी विश्रांती घे."

"शितावरून भाताची परीक्षा करतेस," मी म्हणाले, "आणि तीही रोज तेच शीत उचलून. उंटावरून शेळ्या हाकणं फार सोपं असतं, ताई."

ती गेली. खोली दुसऱ्या कुणालातरी मिळाली. त्या संध्याकाळी आईने माझ्या टेबलावरचा एका माणसाचा पुरा जबडा खिडकीतून खाली फेकला, आणि मी खाली जाऊन रस्त्यात पसरलेले दात गोळा करत बसले. येणारे-जाणारे थांबून बघत होते. तिथे बसल्या बसल्या मी रडले, आणि ते दातांसाठी नव्हतं.

याच सुमाराला ताईच्या गोट्याचं लग्न जमलं, असं मी चिडून म्हणायचे. म्हणजे ताईचा त्याच्यावरचा लेख छापून आला. दीड-दोन महिने रोज त्या एका तासात तिने मोजलेला उजेड सरळ रेषेसारखा सपाट होता, वर नाही की खाली नाही. एखादा दगड लांबट असेल तर फिरताना कधी त्याची रुंद बाजू आपल्याकडे येते, कधी टोक, आणि उजेड कमी-जास्त होतो. हा होत नव्हता. म्हणजे गोटा खरोखरच गोटा होता, चांगला गोल, आणि उजेडावरून काढलं तर आकारही बऱ्यापैकी मोठा. ताई आईला हे सांगत होती तेव्हा आई म्हणाली, "गोल आहे ते बरं. गोल माणसं शांत असतात." ताई किती हसली. मला वाटलं, आईने हे वाक्य आधीच जुळवून ठेवलं असेल. तेव्हा वाटलं ते माझ्या कडू स्वभावामुळे, असं मी स्वतःला सांगितलं.

मग पत्र आलं. आपल्यापासून पृथ्वीच्या पाव फेरीएवढ्या अंतरावर कुठेतरी एक वेधशाळा आहे, तिथल्या एका माणसाने लिहिलं होतं की मीही याच दगडाला रोज ठरलेल्या वेळी बघतो आहे, आणि मला तो तुमच्या निम्म्याहूनही मंद दिसतो. रोज तेवढाच मंद. त्याचाही उजेड सपाटच होता.

ताई भडकली. "त्याचा कॅमेरा बिघडला असणार," ती टोस्टवर लोणी फासत म्हणाली. "नाहीतर ढग असतील. नाहीतर त्याला मोजताच येत नाही. मी रोज बघते, एक दिवस चुकवत नाही. माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवू की त्याच्या?"

हे सगळं मी शब्दशः आधी ऐकलं होतं. पण मी मूग गिळून गप्प बसले, कारण आई समोर होती, केस विंचरलेले, हसतमुख, आणि तिने मधेच विचारलं, "मग तो स्वतःभोवती फिरतो की नाही?"

ताईने उत्तर दिलं नाही. पहिल्यांदाच.

त्यानंतर काही दिवसांनी ती चहा झाल्यावर गेलीच नाही. आई आत जाऊन पडली. ताई माझ्या टेबलाशी बसली, माझं गुलाबी मेण उचललं आणि बोटांनी मळायला लागली. मी म्हणाले, ते महाग असतं. तिला ऐकूच गेलं नाही. मेणाचा तिने एक लांबट गोळा केला, शेंगेतल्या दाण्यासारखा, आणि खिडकीच्या उजेडात धरून हळूहळू फिरवला.

"हा असा आहे," ती म्हणाली. "गोल नाहीच. रुंदीच्या अडीचपट लांब. आणि स्वतःभोवती एक फेरी घ्यायला त्याला आपल्या एका दिवसाएवढा वेळ लागतो. जेमतेम एखादं मिनिट इकडेतिकडे. कळतंय तुला?"

"नाही."

"मी ज्या तासाला बघते, त्या तासाला त्याची हीच बाजू माझ्याकडे असते." तिने रुंद बाजू माझ्यासमोर धरली. "मग पृथ्वी फिरते, तोही फिरतो. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्याच तासाला येते, आणि पुन्हा हीच बाजू. तिसऱ्या दिवशीही हीच. तो माणूस बघतो तेव्हा त्याच्याकडे हे असतं." तिने टोक फिरवलं. एवढासा ठिपका. "आम्ही दोघेही बरोबर मोजत होतो. बाकीचा वेळ तो कसा असतो ते दोघांपैकी कुणीच पाहिलं नव्हतं."

आतून आईच्या घोरण्याचा आवाज येत होता.

"एखादा दिवस जरी मी वेळ बदलली असती," ताई म्हणाली. "एखादा दिवस जरी." मेण तिच्या बोटांत चेपून गेलं होतं. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "संध्याकाळी कधी सुरू होतं?"

"तुझी गाडी निघते तेव्हा," मी म्हणाले.

मला खरं तर विजय वाटायला हवा होता. इतके महिने ज्यासाठी डोकं फोडलं ते तिला एका दगडाने शिकवलं. पण मला फक्त राग आला, की तुला माझ्या शब्दापेक्षा दगडाचा शब्द मोठा वाटला. आणि रागाच्या खाली काही नव्हतंच, नुसता थकवा.

त्या संध्याकाळी ताईने पहिल्यांदा गाडी चुकवली. दार वाजलं तेव्हा आई पलंगाच्या कडेला बसून चमच्याने चादरीत प्लग खुपसत होती. कवळी काढलेली, गाल आत गेलेले, केस सुटलेले, शाल एका खांद्यावरून लोळत होती. ताई दारातच थांबली. मी तिला सांगितलं होतं सगळं, शंभरदा. पण सांगणं आणि बघणं यात केवढा फरक असतो तो तिच्या तोंडावर दिसत होता.

"आई," ती म्हणाली.

आईने मान वर केली. मी पुढे सरसावले, कारण आता चमचा फेकून मारणार असं मला वाटलं. पण आईने तिला वरून खालपर्यंत बघितलं आणि सुटकेचा श्वास सोडला.

"आलीस एकदाची? रात्रपाळी तुझीच ना?" आई म्हणाली. "किती उशीर. माझी सुटायची वेळ कधीच होऊन गेली."

ताईने माझ्याकडे बघितलं. मग खाली वाकून आईच्या शेजारी बसली. "हो," ती म्हणाली. "रात्रपाळी माझीच. आता मी बघते."

"बघ हं. या बाजूच्या सगळ्या लाइन खराब झाल्यात. कोण कुठे बोलतं काही कळत नाही. मी आपली जोडत राहते." आईने चमचा तिच्या हातात दिला. मग तिचा हात धरून, आवाज खाली आणून म्हणाली, "आणि एक सांगते, नीट लक्षात ठेव. सकाळी एक कॉल येतो. माझ्या मोठीचा. तो तुम्ही कुणी घ्यायचा नाही. तो मीच घेणार."

"बरं," ताई म्हणाली.

"तिला काही कळू द्यायचं नाही इथलं. ती फार शिकलेली आहे, ताऱ्यांचं काम करते, तिच्या डोक्याला त्रास नको. ती असते तेवढा वेळ मी सगळं धरून ठेवते. काय विचारायचं ते रात्रीपासून पाठ करते, एकेक करून. नाहीतर निसटतं." आई हसली, नुसत्या हिरड्यांनी. "फार दमायला होतं गं. ती गेली की दिवसभर माझ्यात काही म्हणजे काही उरत नाही."

मी दाराला टेकून उभी होते. इतके महिने मला वाटत होतं, हिची सकाळ चांगली असते. हिची सकाळ चांगली नव्हतीच. ती रोज सकाळी कामावर जात होती.

"आणि धाकटी?" ताईने विचारलं. "धाकटीला काय सांगायचं?"

"धाकटीला?" आईने तोंड वाकडं केलं, काय खुळ्यासारखं विचारतेस असं. "तिला कशाला काही सांगायचं? ती घरातच असते की."

मग ती आडवी झाली आणि ड्युटी संपलेल्या माणसासारखी झोपी गेली. आम्ही दोघी स्वयंपाकघरात जाऊन बसलो. ताई रडली, मोठ्याने, लहानपणी रडायची तशी नाक ओढत. मला रडू आलं नाही. मला आईचं शेवटचं वाक्य टोचत होतं. ते मला झिडकारल्यासारखं वाटलं होतं. एवढं करून शेवटी मी म्हणजे काय, तर घरातलं कपाट.

दुसऱ्या सकाळी ताई नेहमीच्या वेळेला आली. मी म्हणाले होते, नको येऊस, निदान तेवढे तिचे कष्ट वाचतील. ती म्हणाली, आले नाही तर ती वाट बघेल, ते जास्त वाईट. दोन्ही खरं होतं आणि दोन्हींवर उपाय नव्हता. आई तयार होऊन बसलेली होती. "ये गं. थंडी होती का वर? तुझा गोटा काय म्हणतो?" ताईने सांगितलं, तो मजेत आहे. आईने विचारलं, मग तो स्वतःभोवती फिरतो की नाही? ताई म्हणाली, "फिरतो, आई. फार हळू फिरतो." दोघी एकमेकींकडे बघून हसत होत्या, आणि मला तिथे उभं राहवेना.

ताईनेही संमतीवर सही केली. काही आठवड्यांनी खोली रिकामी झाली. आईला नेलं त्या दिवशी ती गाडीत खिडकीशी बसली आणि वाटेतल्या प्रत्येक माणसाला हात करत गेली.

पहिले काही दिवस भेटायला येऊ नका, तिला रुळू द्या, असं तिथल्या मुख्य परिचारिकेने सांगितलं होतं. मी घरी झोपले. उठले की पुन्हा झोपले. गॅसची मुख्य कळ उघडी ठेवायला मला कितीतरी दिवस जमलं नाही. मग आम्हाला बोलावणं आलं. दाराशीच पाटी होती, भेटीची वेळ सकाळची, एक तास. ताई ती पाटी वाचून थांबली.

"संध्याकाळी नाही येता येणार का?" मी परिचारिकेला विचारलं.

"संध्याकाळी बाहेरची माणसं आली की ही मंडळी बिथरतात," ती म्हणाली. चांगली बाई होती, घाईत होती. "सगळ्यांसाठी एकच वेळ ठेवलीय."

"संध्याकाळी कशी असते ती?"

"छान असतात की."

ताई माझ्याकडे बघत होती. तिला काय म्हणायचं आहे ते मला कळलं, आणि तिने ते म्हटलं नाही याबद्दल मी तिची आभारी आहे.

खोली स्वच्छ होती. आई खिडकीजवळ खुर्चीत बसली होती, ताठ. केस विंचरलेले, शाल नीट, कवळी तोंडात. "या, या," ती म्हणाली. तो आवाज मी ओळखला. लहानपणी एकदा आम्ही शेजारच्या दुकानातून गंमत म्हणून एक्स्चेंजला फोन लावला होता आणि पलीकडून हाच आवाज आला होता. गोड, उजळ, थकवा ऐकू न जाणारा. आम्ही घाबरून फोन ठेवला होता, कारण तो आमच्या आईचा नव्हता.

तिने ताईला गोट्याचं विचारलं. मला विचारलं, काम कसं चाललंय, जेवतेस ना वेळेवर. माझं उत्तर ऐकताना मान डोलवली. इतक्या वर्षांत ती माझ्याशी इतकं नीट कधीच बोलली नव्हती. ताईला परिचारिकेने औषधांबद्दल बोलायला बाहेर बोलावलं. खोलीत आम्ही दोघीच राहिलो.

मी तिच्या तोंडाकडे बघत होते. तो माझा धंदाच आहे. हिरड्या आक्रसल्या की कवळी हलते आणि कडेला रुतते. डाव्या गालात तिने जीभ दाबून धरली होती, आणि ओठाच्या कोपऱ्यातून लाळेबरोबर किंचित लाल येत होतं. ती तरीही हसत होती. पहाटेपासून घातलेली असणार. घरी असती तर माझ्यासमोर एव्हाना काढून बुटात टाकली असती, वर मला दोन शिव्या दिल्या असत्या. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की घरातलं कपाट असणं म्हणजे काय होतं. माझ्यासमोर तिला काही धरून ठेवावं लागत नव्हतं. जगात तेवढी एकच जागा होती तिला, आणि ती मी सही करून बंद केली होती.

मी खाली वाकून तिचे हात धरले. "आई, टोचतेय ना? काढ ती. मीच आहे."

तिने तळहाताने तोंड झाकलं. डोळे हसरेच होते.

"काढते," ती हळूच म्हणाली. "पाहुणे गेले की काढते."

भेटीची वेळ अजून बरीच बाकी होती. मी तिची शाल सारखी केली, पर्स उचलली आणि निघाले, म्हणजे तिला कवळी लवकर काढता येईल.